फडकं पोचत नाही तिथं बघा

गाडी पांढरी होती, एमएच ०८ म्हणजे रत्नागिरी पासिंगची, आणि इतकी चकचकीत की भाचा तिच्याभोवती दोन चकरा मारून आला तरी त्याचं मन भरेना. पुण्यात रस्त्याकडेच्या एका जुन्या गाड्यांच्या बाजारात रविवारी सकाळी आम्ही उभे होतो. डॅशबोर्डला पॉलिश, नवीन सीट कव्हर, आत मोगऱ्याचा वास. "मामा, ही सोडायला नको," तो हळूच म्हणाला. हळूच म्हणजे विकणाऱ्याला नीट ऐकू जाईल इतकं.

मी पुढच्या सीटवर बसलो आणि बेल्ट ओढायला लागलो. ओढतच राहिलो. आपण बेल्ट लावतो तेव्हा तो पूर्ण बाहेर येत नाही, हातभर पट्टा कायम आत गुंडाळलेला राहतो. त्याची गुंडाळी असते मधल्या खांबाच्या तळाशी, जवळजवळ पायाच्या उंचीवर. तो शेवटचा हातभर भाग बाहेर आला आणि काळ्या पट्ट्यावर मातकट डाग दिसले, काठाला बारीक वाळलेला गाळ. मी काहीच बोललो नाही. भाच्याला बोट लावायला सांगितलं. बोट मातीनं भरलं.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली होतं. अशा वेळी बुडालेल्या गाड्यांचं पुढं काय होतं? दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या फार जवळ गेला की विमा कंपनी 'टोटल लॉस' धरून मालकाला पैसे देते आणि गाडी लिलावात जाते. तिथून कुणीतरी ती स्वस्तात उचलतो, धुऊन-पुसून चालू करतो आणि दुसऱ्या जिल्ह्यात विकतो. ती गाडी कुठल्या पाण्यातली होती ते मला ठाऊक नाही. पाण्यात बसलेली होती, एवढं त्या पट्ट्यानं सांगितलं. अशी गाडी विकत घेताना व्यवस्थित चालते, हीच तिची गोम. वायरिंगच्या जोडण्या आतल्या आत गंजत राहतात आणि सहा महिन्यांनी एकेक गोष्ट बंद पडायला लागते. आधी काचेचं बटण, मग मीटरवरचे दिवे, मग भर पावसात घाटात इंजिन. एअरबॅगचं नियंत्रण करणारा डबा बहुतेक गाड्यांत खालीच, गिअरच्या आसपास असतो. त्याचं काय झालंय हे अपघात होईपर्यंत कळतही नाही.

सेकंड हँड गाडी बघण्याची माझी सगळी पद्धत यातूनच आलेली आहे. विकणारा जिथं फडकं मारतो तिथं बघायचं नाही, फडकं पोचत नाही तिथं बघायचं.

पण बाजारात जायच्या आधी पैशाचं बोलू. चार लाख हातात असतील तर चार लाखांची गाडी बघायची नाही, तीन चाळीसपर्यंतची बघायची. उरलेले साठ हजार कुठं जातात ते पहिल्या दोन महिन्यांत कळतं. वॅगन आरसारख्या गाडीचे चार टायर पंधरा-सोळा हजारांच्या घरात, बॅटरी चार-पाच हजार, क्लचप्लेट घासलेली निघाली तर आठ-दहा हजार, शिवाय विमा, नावावर करण्याचा खर्च आणि एक सगळी सर्व्हिसिंग. पहिली गाडी घेणारा हमखास चुकतो तो इथंच. खिशातला शेवटचा रुपया किमतीत घालतो, मग गुळगुळीत टायरवर पावसाळा काढतो.

आता कोणत्या सालची घ्यायची. माझ्या मते हा प्रश्न 'कोणती गाडी' यापेक्षा मोठा आहे आणि त्याला एक ठोस उत्तर आहे. १ जुलै २०१९. त्या दिवसापासून देशात बनणाऱ्या प्रत्येक नव्या कारला ड्रायव्हरची एअरबॅग, मागचे पार्किंग सेन्सर, वेगाचा इशारा देणारा बझर आणि बेल्टची आठवण करून देणारी घंटी सक्तीची झाली. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक न घसटता गाडी हातात ठेवणारी यंत्रणा, ती त्याच वर्षीच्या एप्रिलपासून सक्तीची आहे. शेजारी बसणाऱ्याची एअरबॅग मात्र सगळ्या गाड्यांना १ जानेवारी २०२२ पासून आली. नवशिक्याच्या हाती गाडी द्यायची असेल तर निदान जुलै २०१९ ची ती तारीख ओलांडलेली गाडी घ्या. बजेट दोन लाखांचंच असेल तर जुन्यातली वरची व्हेरिएंट शोधा, कारण २०१४-१५ च्या काळात एअरबॅग आणि एबीएस बहुतेक वरच्या व्हेरिएंटलाच किंवा जादा पैसे भरून मिळायचं. लोक अलॉय व्हील बघून वरची व्हेरिएंट घेतात. कारण चुकीचं, निर्णय बरोबर.

आरसी बुकात दोन तारखा असतात, गाडी बनल्याचा महिना आणि नोंदणीचा दिवस. जानेवारी २०२० ची म्हणून दाखवलेली गाडी एप्रिल २०१९ मध्ये बनलेली असू शकते. किंमत नोंदणीवर सांगितली जाते, गाडी म्हातारी होते ती बनल्यापासून.

डिझेल घ्यावी का? महिन्याला हजार-बाराशे किलोमीटरच्या आत फिरणार असाल तर नको. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचं कडक मानक आलं, तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारी गाळणी असते. ती काजळी जाळून गाळणी साफ व्हायला गाडी काही वेळ सलग वेगानं चालावी लागते. घर ते ऑफिस चार किलोमीटर, त्यात सहा सिग्नल, असं असेल तर ती तुंबते आणि मीटरवर दिवा लागतो. गाळणी बदलण्याचा खर्च ऐकून पहिल्या गाडीचा सगळा आनंद उतरतो. सीएनजी चालेल, पण किट कंपनीतून बसवून आलेलं आहे की बाहेरून लावलंय ते बघा. बाहेरचं असेल तर आरसीवर त्याची नोंद हवीच. टाकीची दर तीन वर्षांनी दाबाची चाचणी करावी लागते, तिचं सर्टिफिकेट मागा. ते नसेल आणि विकणारा "त्याला काय होतंय" म्हणाला, तर त्याच्या बाकीच्या बोलण्याचंही तेवढंच वजन धरा.

गाडी कोणती, तर कंटाळवाणी. वॅगन आर, स्विफ्ट, सँट्रो, आय टेन, टियागो, जुनी होंडा सिटी. ज्या गाडीचे पार्ट तालुक्याच्या गावात दुपारपर्यंत मिळतात आणि जी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं शंभरदा उघडलेली आहे, ती तुमची गाडी. शेवर्लेनं २०१७ च्या शेवटी भारतातली विक्री थांबवली, फोर्डनं २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करण्याचं जाहीर केलं. त्या गाड्या वाईट होत्या असं अजिबात नाही. फोर्डची जुनी फिगो चालवून बघा, त्या किमतीत तसं स्टिअरिंग मिळत नाही. पण स्वस्त का मिळतात ते लक्षात घ्या. पहिल्या गाडीला एका बारीकशा सेन्सरसाठी आठवडाभर थांबायची तयारी नसते. जर्मन सेडान तीन लाखांत मिळते तीही याच कारणानं. तिची किंमत उतरलेली असते, तिच्या पार्टची उतरत नाही.

मजबुतीची एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. ग्लोबल एनकॅप या गाड्या आदळून तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत टियागोला जानेवारी २०२० मध्ये चार स्टार मिळाले, त्याच सुमारास वॅगन आर आणि सँट्रो दोन स्टारवर होत्या. कुटुंब घेऊन हायवेवर जाणार असाल तर हा फरक सीट कव्हरपेक्षा महत्त्वाचा आहे.

किलोमीटर. या आकड्यावर लोकांचा इतका विश्वास का असतो कळत नाही. डिजिटल मीटर मागे करणं हे काही तासांचं काम आहे आणि ते करून देणारे गावोगाव आहेत. आठ वर्षांची गाडी अठ्ठावीस हजार चाललेली असू शकते, निवृत्त माणसाची असेल तर असतेही. पण मग क्लचच्या पेडलचं रबर नव्यासारखं हवं, त्यावरच्या रेघा शाबूत हव्यात. स्टिअरिंगचा वरचा भाग, गिअरची मूठ, ड्रायव्हर उतरताना घासतो ती सीटची कड, या जागा खोटं बोलत नाहीत. म्हणूनच त्यांच्यावर कव्हर चढवलेलं असतं. कव्हर वर करून बघा, लाजू नका. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. वीस हजार चाललेल्या गाडीला तिसरा सेट कसा काय, हा प्रश्न हसत हसत विचारायचा आणि उत्तर देताना चेहरा बघायचा. सगळ्यात उत्तम म्हणजे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदी. प्रत्येक बिलावर त्या दिवसाचं रीडिंग असतं. मालकाला म्हणावं, एक फोन करून नोंदी मागवून घ्या. खरा मालक पाच मिनिटांत मागवतो.

मला स्वतःला विचाराल तर ऐंशी हजार चाललेली, दर दहा हजारांना ऑइल बदललेली गाडी मी चाळीस हजार चाललेल्या विनानोंदीच्या गाडीपेक्षा डोळे झाकून घेईन.

ठोकलेली गाडी ओळखायला मिस्त्रीच लागतो असं नाही. बॉनेट उघडा आणि बिजागऱ्यांचे बोल्ट बघा. कंपनीतून येतात तेव्हा बोल्ट आणि पत्रा एकाच रंगात बुडालेले असतात. पान्याच्या खुणा दिसल्या, रंगाचा टवका उडालेला दिसला, तर बॉनेट एकदा निघालेलं आहे. सगळ्या काचांच्या कोपऱ्यात बारीक छाप असतो, त्यात बनल्याच्या वर्षाची खूण. पाच काचा एका वर्षाच्या आणि एकच दुसऱ्या वर्षाची असेल तर तिची कहाणी विचारा. दाराचं रबर बोटानं ओढून मागचा पत्रा बघा, तिथं वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतरावर असतात. ते गायब असतील किंवा खरखरीत वाटले तर खांबाचं काम झालंय. डिकीतली स्टेपनी बाहेर काढून खालचा खळगा बघा. मागून बसलेली धडक आणि आत शिरलेलं पाणी दोन्ही तिथं राहून जातं. एक मात्र सांगतो, बंपरला रंग मारलेला असणं हा गुन्हा नाही. पुण्यात पाच वर्षं चाललेल्या गाडीचा बंपर जसाच्या तसा असेल तर मला उलट शंका येते. रंगापेक्षा सांगाड्याची काळजी करा. आणि गाडी किनारपट्टीवरची असेल तर रॅम्पवर चढवून खालून बघितल्याशिवाय टोकन देऊ नका, खारी हवा पोटातून खाते.

इंजिनासाठी एकच युक्ती, पण ती आदल्या दिवशी करायची. फोनवर सांगा, "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका." पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर तुमच्यापासून काहीतरी लपवलंय. थंड इंजिन दुखणं सांगतं, गरम इंजिन गिळून टाकतं. सुरू करताना सायलेन्सरपाशी एकाला उभं करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. सकाळची थोडी पांढरी वाफ चालते, पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर कूलंट आत शिरतंय. काळा म्हणजे इंधन जास्त जातंय. मग इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडा. भसाभसा धूर आणि हवेचे धक्के बाहेर येत असतील तर त्याला गॅरेजवाले 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात, आणि ते म्हणताना जो चेहरा करतात त्यातच खर्चाचा अंदाज येतो. झाकणाच्या आत ताकावरच्या लोण्यासारखा पांढुरका थर दिसला तर ऑइलात पाणी जातंय, किंवा गाडी फारच थोडी-थोडी चाललीय. दोन्हीपैकी काय ते मिस्त्री सांगेल.

चालवून बघताना म्युझिक बंद, एसी चालू, काचा आधी वर आणि मग खाली. स्पीड ब्रेकरवरचा खडखडाट, स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवताना चाकातून येणारी टकटक, आणि चौथ्या गिअरवर चाळीसच्या वेगात ॲक्सिलरेटर दाबल्यावर आवाज वाढून वेग न वाढणं, एवढं लक्षात ठेवलंत तरी सस्पेन्शन, ॲक्सल आणि क्लच तपासून होतात. मग तुमच्या ओळखीच्या मिस्त्रीला दाखवा. विकणाऱ्याच्या ओळखीच्या नव्हे. मिस्त्रीला पाचशे-हजार रुपये द्या, फुकट बघायला लावू नका. फुकटचं बघणं चहा संपेपर्यंत टिकतं.

कागदांत मात्र घाई नको, कारण गाडीचा बिघाड पैशानं निस्तरतो, कागदाचा बिघाड वर्षानुवर्षं पुरतो. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, मालक कितवा, विमा आणि पीयूसीची मुदत, कर्जाचा बोजा, सगळं दिसतं. थकलेले ई-चलान वेगळे बघा आणि व्यवहाराआधी विकणाऱ्यालाच भरायला लावा. बोजा असेल तर बँकेचं नाहरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका. "कर्ज फिटलंय, फक्त कागद आणायचाय" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकलं की मी चहा मागवतो.

विक्री झाल्यावर फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी तुमच्या नावावर होते. कायद्यानं घेणाऱ्यानं तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. यात विकणाऱ्याचाही जीव अडकलेला असतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की अपघाताच्या भरपाईत आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जाईल, गाडी प्रत्यक्षात तीन हात पुढं गेलेली असली तरी. म्हणून 'कोऱ्या सह्या करून देतो, सावकाश करा' म्हणणाऱ्या मालकाला हे शांतपणे सांगा. तोच तुमच्याआधी आरटीओत उभा राहील.

विमाही चौदा दिवसांत नावावर करून घ्यायचा. नाहीतर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. जुन्या पॉलिसीवर एक आकडा बघायला विसरू नका, नो क्लेम बोनस. दावा न केलेल्या वर्षांसाठी ही सवलत वीस टक्क्यांपासून पन्नास टक्क्यांपर्यंत वाढत जाते. सहा वर्षं एकाच मालकाकडं असलेल्या, "साधा ओरखडासुद्धा नाही" अशा गाडीवर तो शून्य असेल तर मागच्या वर्षी काहीतरी झालंय, किंवा विमा मध्येच बंद पडलाय. आणि हा बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर तुमच्याकडं येत नाही. "प्रीमियम एवढाच बसतो" या सांगण्यावर पुढच्या वर्षीचा हिशोब मांडू नका.

दिल्लीच्या गाडीचा मोह सगळ्यांना पडतो. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१४-१५ च्या आदेशांनी आणि नंतर सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये तिथं दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आणली, म्हणून तिथं मुदत जवळ आलेल्या गाड्यांचे भाव पडले; २०२५ मध्ये न्यायालयानं ही बंदी सैल केली. पण ती गाडी इथं कायमची आणायची तर तिकडचं नाहरकत प्रमाणपत्र, इथला कर नव्यानं, मग नवा नंबर. तिकडं भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण तो मागायला तिकडचं आरटीओ गाठावं लागतं. हे सगळं मिळवल्यावर स्वस्ताई किती उरते ते कागदावर मांडून बघा. तसंच पंधरा वर्षांच्या कडेला आलेल्या इथल्या गाडीचं. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढं तपासणी करून पाच-पाच वर्षं वाढते. एप्रिल २०२२ मध्ये कारच्या नूतनीकरणाची फी सहाशेवरून पाच हजारांवर गेली, वर राज्याचा पर्यावरण कर. नव्वद हजारांत मिळणारी चौदा वर्षांची गाडी शिकायला चांगली, पण हा खर्च किमतीतूनच वजा करायला लावा.

भाव करताना विकणाऱ्याला नव्या गाडीचा आजचा भाव दाखवा. २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. जुन्या गाडीचे मालक मात्र अजून स्वतः भरलेली किंमत आठवून आकडा सांगतात. नवी ज्या भावात मिळते त्याच्या फार जवळ जुनी जात असेल तर नवीच घ्या, कारण जुन्या गाडीच्या कर्जाला व्याजही जास्त पडतं.

भाच्याची गाडी शेवटी मिळाली ती गाडीबाजारात नाहीच. सासवडजवळ राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांची वॅगन आर, सप्टेंबर २०१९ ची, एकसष्ट हजार चाललेली. मागच्या दारावर लांबलचक ओरखडा, पुसायचेही कष्ट घेतलेले नव्हते. गुरुजींनी ग्लोव्ह बॉक्समधून एक वही काढली. प्रत्येक वेळी पेट्रोल भरल्याची तारीख, लिटर, रीडिंग, आणि मध्येच 'वायपर ब्लेड बदलले, ३८०' अशा नोंदी. भाचा ओरखड्याकडं बघत तोंड वाकडं करून उभा होता. मी बेल्ट शेवटपर्यंत ओढला, काळा कुळकुळीत निघाला. मिस्त्रीनं पुढच्या दोन टायरकडं बोट दाखवलं, तेवढ्यावर सात हजार कमी झाले. गुरुजींची एकच अट होती, आरटीओत तेही येणार आणि पावती मिळेपर्यंत बसणार. तसे ते बसले. वही त्यांनी किल्लीबरोबर भाच्याच्या हातात दिली, त्यात शेवटच्या नोंदीखाली तीन पानं कोरी होती.